काळ्या जस्तावरची चांदी

जळकोटच्या माणसाला बीदर परके नाही. शेजारचा उदगीर तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच होता. तरीही तंबाखू ओढण्याच्या जुन्या, आगळ्या साधनांचा विषय निघाला की संग्राहकांच्या तोंडी आधी फ्रान्स येते. तिथल्या ज्यूरा पर्वतातल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप घडू लागले. भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी कठीण गाठ उकळायची, वाळवायची आणि तिच्यातून माणसांची डोकी, प्राण्यांची तोंडे कोरायची. कला मोठीच. पण बीदरचा हुक्का तिच्याहून खूप जुना आहे, आणि तो आपल्या वाटेवरचा आहे.

तंबाखू मोगल दरबारात पोचला तोही दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळीचे साधन बादशहापुढे ठेवले. नळीच्या टोकाला येमेनी अकीक होता. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमाने विरोध केला. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण सवय पसरतच गेली.

हुक्क्याचे पाण्याचे भांडे बीदरच्या कारागिरांच्या हाती आले आणि खरी किमया घडली. बीदरच्या या धातुकामात, म्हणजे बिदरीत, मुख्यतः जस्त असते, तांबे अगदी थोडे. साच्यात ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात. त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले की पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि टोकदार हत्याराने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी खोदायची, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, पुन्हा घासायचे. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप कोमट भांड्याला चोळतात. जस्त काळेभोर होते, चांदीला मात्र धक्का लागत नाही. सगळा डाव या एका फरकावर उभा आहे.

आकाराकडे पाहा. सतराव्या शतकातली भांडी बहुधा गोल, म्हणून ती टेकवायला खाली कडे लागे. अठराव्या शतकात घंटेसारखा सपाट बुडाचा आकार आला आणि भांडे आपल्या बळावर उभे राहू लागले. नक्षीवरून काळ ठरवणारे बुडाकडे दुर्लक्ष करतात, हे मला पटत नाही.

आज अशी भांडी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये दिसतात. पण नळी गेली, चिलीम गेली. उरलेले भांडे एकटेच शोभेची सुरई वाटते. पुण्याचे संग्राहक दिनकर केळकर यांनी अडकित्ते आणि दिवे जमवले ते वापरातल्या वस्तू म्हणून. बिदरीलाही तीच नजर हवी. आपल्याकडची मातीची चिलीम, तिच्यातला खडा आणि ओल्या फडक्याची छापी हेही त्याच कुळातले. त्यांना कपाटात कुणी जागा देत नाही. ती द्यायला हवी.

उदगीर-जळकोटकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात काळे पडलेले भांडे सापडले, तर चिंच लावून चकचकीत करू नका. तो काळेपणाच कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. मऊ फडक्याने पुसा, आणि ते कोणाच्या घरचे, कोणी वापरले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.