बंदुकीचा कायदा कडक असला की खून-मारामाऱ्या कमी होतात का? जगाचा हिशेब आणि आपल्याकडची कुऱ्हाड

सोलापूर : ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर चर्चा सुरू झाली ती बीडमधल्या पिस्तुलांची. एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल खोचलेल्या, हवेत बार काढणाऱ्या पोरांचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाईलवर फिरले. प्रशासनाने परवाने तपासायला घेतले, बरेच रद्दही केले. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. सरपंचांना गोळी घातलेली नव्हती. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार लोखंडी पाइप, रॉड आणि काठ्यांनी मारहाण करून त्यांचा जीव घेतला गेला.

मग बंदुका काढून घेतल्या तर गुन्हे कमी होतात का? व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंचे मेसेज येतात. एक म्हणतो, अमेरिकेत घरोघरी बंदुका, म्हणून तिथं रोज मुडदे पडतात. दुसरा म्हणतो, स्वित्झर्लंडमध्येही घरोघरी बंदुका आहेत, तिथं तर शांतता आहे. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज बऱ्यापैकी खरे आहेत. म्हणून हा विषय जरा उकलून बघायला पाहिजे.

आधी मोजायचं काय?

देशादेशांतल्या ‘हिंसक गुन्ह्यांची’ तुलना करताना पहिली अडचण मोजणीची येते. इंग्लंडमध्ये जखम न होता झालेली झटापटसुद्धा हिंसक गुन्ह्यात धरली जाते. आपल्याकडे बांधावर दोन कानाखाली बसल्या तर ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते, आणि बऱ्याचदा तीही होत नाही. भावकीतले चार जण मध्ये पडतात, मामला पारावरच मिटतो. त्यामुळे कागदावर इंग्लंड आपल्यापेक्षा जास्त भांडखोर दिसतो. त्या आकड्यांवरून कोण जास्त सुरक्षित हे ठरवता येत नाही.

खुनाचं तसं नाही. मुडदा सहसा लपत नाही, त्याची नोंद जवळपास सगळीकडे होते. म्हणून जाणकार मंडळी देशांची तुलना खुनांच्या आकड्यांवरून करतात. लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती खून, हे ते माप. जपानमध्ये हे प्रमाण अर्ध्याच्याही खाली आहे, इंग्लंडमध्ये साधारण एक, भारतात दोनच्या आसपास, अमेरिकेत गेल्या काही वर्षांत सहाच्या आसपास, तर मेक्सिकोत वीसच्या वर.

भांडणं तेवढीच, मरणं जास्त

१९६८ साली फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकी अभ्यासकाने शिकागो शहरातल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. चाकूने झालेले हल्ले आणि बंदुकीने झालेले हल्ले त्याने शेजारी-शेजारी ठेवले. भांडणाची कारणं सारखीच निघाली. नवरा-बायको, दारू, उसनवारी, शेजारी. पण बंदुकीच्या हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाण चाकूच्या मानाने सुमारे पाचपट होतं. बहुतेकांनी आधी ठरवून काही केलेलं नव्हतं. रागाच्या भरात हाताला जे लागलं ते चालवलं, आणि हाताला काय लागलं यावर पुढचं ठरलं.

त्यानेच पुढे एका सहकाऱ्याबरोबर लंडन आणि न्यूयॉर्कची तुलना केली. चोऱ्या-घरफोड्यांत लंडन न्यूयॉर्कच्या मागे नव्हतं, उलट पुढेच होतं. पण लुटालूट आणि घरफोडीत माणसं मरण्याचं प्रमाण न्यूयॉर्कमध्ये पन्नासपटीहून जास्त होतं. अमेरिकेतले लोक काही जन्मतःच जास्त तापट नाहीत. त्यांच्या भांडणात बंदूक असते, एवढाच मोठा फरक. तिथं दर पाच खुनांपैकी जवळपास चार बंदुकीने होतात.

इथं आपल्याकडचा विचार करा. सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या वस्तीवर डोक्यात कुऱ्हाड बसलेला माणूस गाडीत घालून आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून सोलापूरच्या सिव्हिलला आणतात. करमाळ्याहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तरी त्यातले बरेच जण वाचतात. छातीत गोळी बसलेल्या माणसाने तेवढा रस्ता काढणं फार अवघड आहे.

ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडने काय केलं

२८ एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथं एकाच माणसाने ३५ जणांना गोळ्या घालून मारलं. थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारने कायदा कडक केला, झटपट गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर बंदी आणली आणि लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन विकत घेतल्या, मोडून टाकल्या. विरोध करणाऱ्यांत शेतकरीच पुढे होते, कारण तिथं रानडुकरं, ससे मारायला शेतावर बंदूक लागते. त्यांना गरज दाखवून साध्या बंदुकीचा परवाना ठेवता आला.

परिणाम? त्याआधीच्या १८ वर्षांत पाच किंवा जास्त माणसं मारली गेल्याच्या गोळीबाराच्या १३ घटना झाल्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत तशी एकही झाली नाही. बंदुकीने होणारे मृत्यूही आधीपेक्षा वेगाने घटले. पण ज्या अभ्यासात हे आलं, त्याच अभ्यासात हेही होतं की बंदुकीशिवाय होणारे खून आणि आत्महत्याही त्याच काळात घटल्या. म्हणून सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही, असं त्या अभ्यासकांनी स्वतःच लिहून ठेवलं. हा प्रामाणिकपणा व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये कधी येत नाही.

इंग्लंडचंही तसंच. त्याच १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत १६ लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. १९९७ ला पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. त्यानंतर खून लगेच कमी झाले नाहीत, काही वर्षं उलट वाढले, मग उतरले. आज लंडनमध्ये पोरांच्या टोळ्या चाकू वापरतात आणि तिथले पोलिस त्यानेच हैराण आहेत, जसे पुण्याचे पोलिस कोयत्याने आहेत. बंदी आली म्हणून तिथली टोळकी शहाणी झाली नाहीत. फक्त त्यांच्या हातात बंदुकीऐवजी चाकू राहिला.

कायदा कडक, तरी रक्तपात

मेक्सिकोत बंदूक विकत घ्यायला वर्षानुवर्षं सगळ्या देशात एकच कायदेशीर दुकान होतं, तेही सैन्याचं. आणि खुनांचं प्रमाण भारताच्या दहापट. कारण शेजारच्या अमेरिकेतून चोरून येणाऱ्या बंदुका आणि अमली पदार्थांच्या टोळ्या. कुंपण घातलं, पण शेजाऱ्याचं रान मोकळं.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट जास्त बोचणारी आहे. तिथं २००० साली कायदा झाला, २००४ पासून लागू झाला. लोकांनी बंदुका जमा केल्या, बंदुकीने होणारे खून बरीच वर्षं घटत गेले. मग ते पुन्हा वाढू लागले. तपासात निघालं की जमा झालेल्या बंदुका नष्ट करण्याची जबाबदारी ज्या पोलिस अधिकाऱ्यावर होती, त्यानेच त्या टोळ्यांना विकल्या होत्या. २०१६ मध्ये त्याला शिक्षा झाली.

स्वित्झर्लंडचा मेसेज पाठवणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. तिथल्या घरातल्या पुष्कळ बंदुका सैनिकी सेवेतून आलेल्या आहेत. २००७ पासून बहुतेकांना सैन्याच्या गोळ्या घरी ठेवायला देत नाहीत. दुकानातून बहुतेक प्रकारच्या बंदुका घ्यायच्या तर परवाना लागतोच. शिवाय देश श्रीमंत, भांडणं कमी.

निवडणुकीत बंदूक जमा का करायची?

आपल्याकडे आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना आपलं शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. अनेकांना तो नुसता ताप वाटतो. पण याच पद्धतीची परीक्षा कोलंबिया देशातल्या काली आणि बोगोटा या दोन शहरांत झालेली आहे. नव्वदच्या दशकात तिथं पगाराचा शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि निवडणुकीचे दिवस असतील तेव्हा परवाना असला तरी बंदूक घेऊन बाहेर फिरायला बंदी घातली. पोलिस रस्त्यावर उभे राहून खरोखर झडती घेत होते. ज्या दिवशी बंदी असायची, त्या दिवसांत कालीमध्ये खून १४ टक्क्यांनी आणि बोगोटात १३ टक्क्यांनी कमी भरले. कोणाची बंदूक कायमची काढून घेतली नव्हती. दारू आणि तापलेलं डोकं ज्या दिवशी एकत्र येतात, त्या दिवशी ती घरी ठेवायला लावली, इतकंच.

२०१६ मध्ये दहा देशांतले १३० अभ्यास एकत्र तपासून एक आढावा निघाला. एखाद-दुसऱ्या नियमाने फारसं काही होत नाही. परवाना, चौकशी, साठवण आणि काही शस्त्रांवर बंदी असे अनेक नियम एकदम लागू केले तेव्हा काही देशांत बंदुकीने होणारे मृत्यू घटले, असा त्याचा सूर आहे. ‘बंदुकीने होणारे मृत्यू’ हे शब्द लक्षात ठेवा. एकूण मारामाऱ्या घटल्या असं तो म्हणत नाही.

भारतात चित्र काय

आपला कायदा आधीपासूनच कडक आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला, त्यात भारतीयांना परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. त्याच वर्षी त्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही बंधनं घातली. १८५७ ची धास्ती गेलेली नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तो आजही चालू आहे.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात ८४ हजार. पण परवान्याबाहेरचा माल त्याहून कितीतरी मोठा. जिनिव्हाच्या एका अभ्यासगटाने २०१७ मध्ये भारतातल्या लोकांकडे सुमारे सात कोटी बंदुका असाव्यात असा अंदाज मांडला. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांचा माग अनेकदा मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टी परिसरापर्यंत जातो. परवान्याचा नियम कितीही घट्ट केला तरी हा कट्टा त्यात सापडत नाही. त्याला पोलिसांची धाड लागते.

परवान्याचं शस्त्रही धुतल्या तांदळासारखं नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं.

आणि भांडणाचं मूळ? २०२२ मध्ये देशात २८ हजार ५२२ खून नोंदले गेले. त्यातले ९ हजार ९६२, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, वादावादीतून झालेले. जमिनीचे, पैशाचे, घरगुती वाद. लुटीसाठी झालेले खून त्या मानाने फार थोडे. आपल्या तालुक्यांत हे कोणाला सांगायला नको. बांध कोरला, रस्ता अडवला, पाटाचं पाणी फोडलं. यातल्या एकाही भांडणाला शस्त्र कायदा हात लावत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या नियमांत धरलं जातं, तलवार बाळगली म्हणून गुन्हे दाखल होतात ते त्यातूनच. पण शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. वगळावीच लागणार, ऊस काय दाताने तोडायचा? म्हणून कोयता-कुऱ्हाडीची भांडणं कमी करायची तर वेळेवर मोजणी, अडवलेला रस्ता मोकळा करून घ्यायला तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज, बांधावरून नवा रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, हे मार्ग आहेत. ते वर्षानुवर्षं रखडतात आणि तोवर रानात कुऱ्हाड चालते.

विषय गुन्ह्यांचा असला तरी एक गोष्ट सोडून चालणार नाही. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा तिथल्या एकूण आत्महत्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणात उतरल्या. लोकांची दुःखं संपली नव्हती. वाईट घटकेला जीवघेणी वस्तू हाताशी नव्हती, ती घटका निघून गेली.

परवाना पाहिजे असेल तर

२०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा रात्री दारं धरायला जाणाऱ्यांना वाटलं की आपल्याकडेही बंदूक असावी. रानडुकरांमुळे आजही वाटतं. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोलापूर शहरात पोलिस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण पाहिजे आणि पोलिस चौकशी होते. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, त्यासाठी वन विभागाचा वेगळा आदेश लागतो. करमाळ्याचा बिबट्याही तशा आदेशानंतरच मारला गेला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत लोकांचा जीव धोक्यात येईल असा बार काढला तर परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनपरवाना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं कैद. आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक त्यांच्या माघारी माळ्यावर तशीच पडून असेल तर तीही बिनपरवानाच धरली जाते. वारसाने ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा.