दोन वाडे

इंदूरला गेलेला मराठी माणूस राजवाडा पाहतो, सराफ्यात खातो आणि हाताशी वेळ उरला तर लालबागेकडे वळतो. कान्ह नदीच्या काठच्या या वास्तूचे बांधकाम १८८६ साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या वेळी सुरू झाले व तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, १९२१ साली पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून बेतलेली तिची लोखंडी फाटके इंग्लंडात ओतवून घेतली आणि आगबोटीने मुंबईमार्गे इंदूरला आणली. आत इटालियन संगमरवर, रंगविलेली छते, झुंबरे! पाहणारा दबून जातो. पण ज्या घराण्याने हे सारे उभे केले त्याचा मूळपुरुष मल्हारराव ज्या समाजात जन्मला, त्या समाजाच्या घराला फाटक नव्हतेच. वर्षातील आठ महिने ते घर सकाळी मोडायचे, तट्टाच्या पाठीवर चढायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच गावच्या शिवारात उभे राहायचे.

गंमत अशी की मेंढरे घेऊन फिरणारे धनगर आपल्या या फिरत्या तळालाही ‘वाडा’च म्हणतात. चार-सहा कुटुंबे, त्यांची मेंढरे, थोड्या शेळ्या, घोडी, कुत्री आणि डालग्यातल्या कोंबड्या मिळून एक वाडा होतो. भिंत नाही, जोते नाही. दगडाचा वाडा जागेवर राहतो आणि माणसे बदलतात. इथे माणसे तीच राहतात, बदलते ती जागा.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, मोटारीतच घर थाटून बारा महिने फिरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही दोन-दोन, तीन-तीन दांडगी कुत्री बाळगून फिरतात. आपल्याकडेही मोटर-कॅरावॅनसाठी नियम झाले असून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरावॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा फिरत्या घराच्या अडचणी ऐकल्या म्हणजे नवल वाटते, कारण त्या सगळ्या आपल्या माळरानावर फार जुन्या आहेत. रात्री कुठे थांबायचे? पाणी कुठून आणायचे? जनावरांची घाण कुठे टाकायची? मोठ्या जनावरासह कोण थारा देईल? मोटारघरवाल्याला मुक्कामाच्या तळावर भाडे द्यावे लागते, सांडपाणी ठरल्या ठिकाणीच ओतावे लागते, आणि अनेक तळांवर पाळीव जनावरांच्या संख्येला मर्यादा असते. एकूण काय, जनावर हे घरावरचे ओझे होऊन बसते.

धनगराच्या वाड्यात हे गणित उलटे आहे. तिथे घर हेच जनावरावरचे ओझे, आणि जनावराची घाण हेच राहण्याचे भाडे. मेंढरांचा कळप रात्रभर शेतात बसविला की लेंड्या आणि मूत्र जमिनीत मुरते व पुढच्या पिकाला खत मिळते. यासाठी शेतकरी वाड्याला आपण होऊन बोलावतो आणि रात्रीच्या हिशेबाने धान्य किंवा रोख पैसे देतो. किती रात्री, किती मेंढरे, किती धान्य याची घासाघीस बांधावरच होते. शेणखत गाडीने वाहून न्यावे लागते. मेंढरांचे खत स्वतःच्या पायांनी शेतात येते आणि त्यांच्याच खुरांनी तुडवले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या व्यवहाराकडे जरा बारकाईने पाहावे. एकाचा टाकाऊ माल ही दुसऱ्याची गरज असली म्हणजे फिरत्या माणसालाही गावात मान मिळतो. हा मान फार मोठा नसतो हे खरे, पण रात्रीपुरता पुरतो.

वाडा हलण्याचा दिवस कसा असतो? पुरुष मेंढरे घेऊन चारणीला निघतात, आणि घर हलविण्याचे सारे काम बायकांकडे येते. भांडी, पाण्याची घागर, पिठाची पिशवी, घोंगड्या, दोरखंड, जाळ्या आणि मेखा घोड्यावर लादायच्या. ओझे दोन्ही अंगांना सारखे बसले पाहिजे, नाहीतर घोड्याची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला घोडा म्हणजे आठवडाभर थांबलेले घर. सगळ्यात वर कोंबड्यांचे डालगे, नुकती जन्मलेली कोकरे आणि चालता न येणारे मूल. कासरा हाती धरून बाई पायी चालते. मेंढरे रमतगमत चरत येईपर्यंत नव्या जागी चूल पेटलेली आणि पाणी भरलेले असते. राजवाड्याच्या कारखानदारीत शे-दीडशे नोकर करीत असतील ते सामानसुमान हलविण्याचे काम इथे एकटी बाई तास-दीड तासात उरकते. वाड्यावर लिहिणारे बहुतेक लोक मेंढक्याच्या काठीवर आणि फेट्यावर थांबतात. माझ्या मते वाडा चालतो तो या कासरा धरणाऱ्या हातावर.

रात्र झाली की वाघर लागते. वाघर म्हणजे दोराची विणलेली जाळी. मेखांना ताणून तिचे कुंपण करायचे आणि मेंढरे आत घालायची. कोकरे वेगळी, म्हाताऱ्या मेंढ्या वेगळ्या. बाहेर कुत्री. ही कुत्री पाळीव खरी, पण लाडावलेली नव्हेत. दख्खनच्या माळावर मेंढराचा मुख्य वैरी म्हणजे लांडगा. त्याच्याशी गाठ पडायची ती अंधारात, म्हणून दिवसा गाडीच्या सावलीत लोळणारे कुत्रे रात्री कामावर असते. वाड्याच्या अन्नात त्याचा वाटा ठरलेला असतो. भाकरी थापताना त्याचीही मोजली जाते.

आता हे हिंडणे कशासाठी? फलटण, माण, खटाव, आटपाडी, जत, पारनेर, संगमनेर ही सारी सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतील कमी पावसाची ठिकाणे. दख्खनी मेंढी या कोरड्या हवेची. सततचा पाऊस आणि चिखल तिला सोसत नाही. लोकर भिजून राहते, खूर कुजतात. म्हणून पावसाळा घरच्या माळावर काढायचा. दिवाळीच्या सुमारास इकडचा चारा सरत येतो आणि त्याच वेळी मावळात व कोकणात भातकापणी होऊन खाचरे मोकळी होतात. मग वाडे घाट उतरतात, नाहीतर बागायती पट्ट्याकडे सरकतात, आणि मृगाच्या आधी परततात. बाहेरच्या माणसाला ही भटकंती वाटते. वस्तुतः वाटा, पाणवठे, ओळखीचे शेतकरी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. निघण्याचा दिवस मात्र जाणती माणसे आकाश आणि मेंढरांची तब्येत पाहून ठरवितात.

या समाजाचा अभ्यास एका जर्मन माणसाने आयुष्यभर केला हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. ग्युंटर सोन्थायमर हे ते गृहस्थ. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला व १९८९ साली तो इंग्रजीत आला. वाड्यांबरोबर हिंडून त्यांनी ओव्या ऐकल्या आणि टिपून घेतल्या. १९९२ साली ते वारले. त्यांचे एक म्हणणे आपल्या नियतकालिकाला विशेष लागू आहे : धनगरांची दैवते भाषेची सीमा मानीत नाहीत. मराठी धनगरांचा बिरोबा तोच कानडी कुरुबांचा बीरप्पा. कन्नड विभागाच्या मित्रांना सांगायला नको की ‘कुरी’ म्हणजे मेंढी आणि आमची घोंगडी ती त्यांची ‘कंबळी’. पट्टणकोडोलीच्या किंवा हुलजंतीच्या यात्रेत भंडारा उधळला जातो तेव्हा कोणाच्या अंगावर मराठी भंडारा पडला आणि कोणाच्या कानडी, हे सांगणे कठीण.

खुद्द इंदूरच्या आसपासही फिरती घरे दिसतात. राजस्थानातील राईका मेंढपाळ मेंढरांचे कळप घेऊन माळव्यात उतरतात. त्यांचे घर तट्टाऐवजी उंटावर असते. रस्त्याकडेला नक्षीदार बैलगाड्या उभ्या करून भाता फुंकणारे गाडिया लोहार तर चाकावरच्या घराचे उत्तम उदाहरण. चितोड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, खाटेवर निजणार नाही अशी प्रतिज्ञा त्यांच्या पूर्वजांनी केली असे ते सांगतात. म्हणून गाडीवरची खाट उलटी टाकलेली असे. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडगडावर गेले आणि प्रतिज्ञा फिटल्याचे जाहीर झाले. गाड्या मात्र सुटल्या नाहीत. प्रतिज्ञा फिटली तरी पोट राहतेच, आणि जमीन नसलेल्या कारागिराला गिऱ्हाइकाच्या दारी जावेच लागते.

मल्हाररावांकडे वळू. १६९३ साली होळ गावी जन्म, बाप लवकर गेल्यावर खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढले, मेंढरे राखली. निजलेल्या पोरावर नागाने फणा धरल्याची दंतकथा प्रसिद्धच आहे. पुढे घोडदळ, बाजीरावाची मर्जी, माळवा. नाग बाजूला ठेवू. मला त्यांच्या लढण्याच्या रीतीत वाड्याचे वळण दिसते. थोडे ओझे, चपळ घोडे, मुक्काम कधीही मोडण्याची तयारी. १७६१ च्या पानिपत मोहिमेत सदाशिवरावभाऊंबरोबर जड तोफखाना आणि बायकापोरे, यात्रेकरू, बाजारबुणगे यांचा अफाट लवाजमा होता. हे ओझे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे असा सल्ला मल्हाररावांनी दिला आणि तो मेंढपाळाचा सल्ला म्हणून झिडकारला गेला, असे सांगतात. शब्द तेच होते की नव्हते हा इतिहासकारांचा वाद. पण कोणते सामान जगवते आणि कोणते मारते, हे जाणणारी विद्या वाड्यावरच्या पोराला बाळकडूतच मिळत असणार, हा माझा तर्क आहे.

आता आजचे पाहू. अहिल्याबाईंचे नाव इंदूरच्या विद्यापीठाला १९८८ साली दिले गेले, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ साली दिले गेले. अहमदनगर जिल्हाही आता अहिल्यानगर झाला आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या विकासासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या महामंडळाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचेच नाव आहे, आणि वीस मेंढ्या व एक नर देणाऱ्या योजनेला राजे यशवंतरावांचे. हे सारे योग्यच झाले. परंतु वाड्यावरच्या पोरीला त्या विद्यापीठाच्या पायरीपर्यंत पोहोचायचे तर आधी पहिलीचे वर्ष एका गावात काढावे लागते. नोव्हेंबरात एका तालुक्यात आणि जानेवारीत दुसऱ्याच जिल्ह्यात असलेल्या मुलाला हजेरीपटात कोणत्या शाळेने धरायचे? पुष्कळ कुटुंबे यावर एकच तोड काढतात : शाळेची पोरे आजीजवळ गावी ठेवायची. म्हणजे शिक्षणाची किंमत आठ महिन्यांची ताटातूट. आणि आजी नसली, तर बहुधा मोठी मुलगी घरी भावंडांसाठी राहते, नाहीतर शाळा सोडून वाड्याबरोबर निघते.

चराईचेही तसेच. गायराने आटली, वनखात्याची रोपवने बंद झाली, शेताला तारा आल्या. ऊस आणि द्राक्ष वाढले तशी मोकळी खाचरे कमी झाली. पूर्वी खतासाठी बोलावणारा शेतकरी आता रासायनिक खताचे पोते आणतो. अलीकडे सेंद्रिय खताची ओढ वाढल्याने काही भागांत मेंढरे बसविण्याला पुन्हा मागणी येत आहे, ही एक बरी गोष्ट. लोकरीला भाव उरला नाही. वर्षातून दोनदा होणाऱ्या कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि वाडा आता मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर चालतो.

त्यातून हवामान फिरले आहे. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे व नगर भागात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला, आणि उघड्यावर बसलेली मेंढरे एका रात्रीत ठिकठिकाणी मरून पडली. मोटारघराला छप्पर असते, वाघरीला नसते. मेलेल्या मेंढीचा पंचनामा व्हायचा तर ती कोणत्या गावची, असे पहिले विचारले जाते. ती त्या रात्री ज्या शिवारात होती तिथली असेही म्हणता येईल, पण कागदावर मालकाचे गाव शंभर मैल लांब असते. आंत्रविषार, देवी, लाळ्या-खुरकूत यांच्या लसींची हीच गत : लस आहे, डॉक्टर आहे, फक्त मेंढरे त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात आहेत. वाटेवरच्या कोणत्याही दवाखान्यात चालेल असे लसीचे एक कार्ड आणि वाटेवरच्या कोणत्याही शाळेत चालेल असा मुलाचा एक दाखला, एवढ्या दोन कागदांनी पुष्कळ काम होईल.

काही वाड्यांनी आता घोडी विकून जुना छोटा टेम्पो घेतला आहे. भांडी, जाळ्या, कोकरे, म्हातारी माणसे त्यात बसतात, आणि पुढच्या मुक्कामाचे बोलणे मोबाइलवरच होते. घोड्याला चारा फुकट मिळे, टेम्पोला डिझेल विकत घ्यावे लागते. उलट टेम्पोची पाठ सोलत नाही. पुढे हौदावर ताडपत्री बांधून त्याचे खरेखुरे मोटारघर होईल की काय, कोण जाणे. मेंढरे मात्र अजून पायीच निघतात, आणि कुत्री त्यांच्या मागून.