युरेनियमची जन्मखूण

सोनें कसोटीवर घांसलें कीं त्याचा कस कळतो. पण तें कोणत्या खाणींतून आलें, हें कसोटी सांगत नाहीं. युरेनियमच्या बाबतींत मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा असतो. १९९० नंतरच्या दशकांत युरोपांत चोरट्या व्यापारांतील अणुद्रव्य अनेक ठिकाणीं पकडलें गेलें, आणि शोधकांपुढें प्रत्येक वेळीं तोच पेंच उभा राहिला : हा माल निघाला कोठून? त्याचें उत्तर मालांतूनच काढण्याची जी विद्या पुढें आली, तिची ओळख आज आपणांस करून घ्यावयाची आहे.

खाणींतून निघणाऱ्या युरेनियममध्यें तीन प्रकारचे अणु असतात. रासायनिक गुणधर्म सर्वांचे सारखे, भेद काय तो वजनाचा. म्हणून त्यांना समस्थानिक म्हणतात. २३८ भाराचे अणु शेंकडा सुमारें ९९.२७, २३५ भाराचे ०.७२, आणि २३४ भाराचे तर लाखांत पांचांच्या आसपास. यांपैकीं २३५ हा अणुशक्तीचा खरा उगम. त्याचें प्रमाण पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ सर्वत्र एकच आढळतें. १९७२ सालीं फ्रान्समधील पियेरलात येथील कारखान्यांत, आफ्रिकेंतील गाबोन देशाच्या ओक्लो खाणीच्या युरेनियममध्यें तें शेंकडा ०.७२०२ ऐवजीं ०.७१७१ भरलें, तेव्हां एवढ्याशा तुटीनें शास्त्रज्ञ चक्रावून गेले. सुमारें दोन अब्ज वर्षांपूर्वीं त्या खाणींत निसर्गानेंच अणुभट्टी पेटविली होती व तींत २३५ खर्चीं पडलें होतें, असें शोधाअंतीं ठरलें. पण ओक्लो हा अपवाद.

मग इतर खाणी ओळखावयाच्या कशा? येथें तो अत्यल्प २३४ उपयोगीं पडतो. २३८ चा अणु फुटून कांहीं पायऱ्यांनीं २३४ तयार होतो. पण फुटतांना बसणाऱ्या धक्क्यानें भोंवतालच्या स्फटिकाची घडी विसकटते, आणि अशा खिळखिळ्या जागेंतून झिरपणारें पाणी त्याला सहज वाहून नेतें. खडकांतून पाणी जसें वाहिलें असेल, तसें २३४ चें प्रमाण कमी-अधिक होतें. एवढ्यावर भागत नाहीं, म्हणून धातूबरोबर आलेलीं इतर द्रव्येंहि तपासतात. दुर्मिळ मृत्तिका नांवाच्या मूलद्रव्यांचें परस्परप्रमाण आणि स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचें प्रमाण हीं खाणीच्या खडकांवर अवलंबून असतात, व शुद्धीकरणानंतरहि त्यांचा मागमूस धातूंत उरतो. माणूस परमुलखांत जाऊन राहिला, तरी बोलण्यांतला गांवचा हेल जात नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी खूण वयाची. युरेनियम शुद्ध करतांना त्यांतील थोरियम काढून टाकलें जातें. त्या क्षणापासून २३४ चे अणु फुटून २३० भाराचें थोरियम पुन्हां जमूं लागतें. २३४ चें अर्धायुष्य सुमारें २,४५,००० वर्षें; म्हणजे ही भर अगदीं मंद, पण तिचा वेग ठाऊक आहे. म्हणून किती थोरियम सांचलें हें मोजलें, कीं धातु केव्हां शुद्ध केला तें वर्ष निघतें.

तिसरी खूण भट्टीची. न्यूट्रॉनांचा भरपूर मारा झाला, तर २३५ पासून २३६ भाराचें युरेनियम व २३८ पासून प्लुटोनियम निर्माण होतें. निसर्गांत हीं दोन्हीं अतिशय सूक्ष्म प्रमाणांत असतात. तीं वाढलेलीं दिसलीं, तर द्रव्य अणुभट्टींत गेलें होतें असें समजावें.

या तिन्ही कसोट्या एका ऐतिहासिक प्रश्नाला लावल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन शास्त्रज्ञ अणुभट्टी पेटविण्याच्या खटपटींत होते. १९४५ च्या आरंभीं हायगरलोख गांवीं, चर्चच्या खालीं खडकांत खोदलेल्या तळघरांत, त्यांनीं युरेनियमचे ६६४ ठोकळे जड पाण्यांत टांगले. प्रत्येक ठोकळ्याची बाजू ५ सेंटिमीटर. भट्टी पेटली नाहीं, आणि एप्रिलमध्यें अमेरिकन पथकानें तेथील साहित्य ताब्यांत घेतलें. परंतु जर्मनीची मजल खरोखर कोठवर गेली होती, याविषयीं पुढें तर्क चालतच राहिले.

कार्ल्सरूहे येथील युरोपीय आयोगाच्या प्रयोगशाळेनें या प्रयत्नांतून उरलेले धातूचे नमुने तपासले व २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. हायझेनबर्ग यांच्या नांवानें ओळखला जाणारा ठोकळा १९४३ चा ठरला, आणि कार्ल वीर्ट्झ यांच्या नांवाची पट्टी १९४० ची. धातूचा उगम आजच्या झेक प्रजासत्ताकांतील योआखिम्सथालच्या खाणी. याच खाणींच्या टाकाऊ मालांतून क्यूरी दांपत्यानें रेडियम शोधून काढलें होतें. २३६ व प्लुटोनियम हीं मात्र निसर्गांत असतात तेवढींच निघालीं. म्हणजे न्यूट्रॉनांचा मोठा मारा त्या धातूवर कधीं झालाच नव्हता. शास्त्रज्ञांचा शब्द खरा मानावा कीं नाहीं, हा प्रश्न सत्तर वर्षांनीं, निदान त्या नमुन्यांपुरता, धातूच्या साक्षीनें निकालांत निघाला.

तथापि या विद्येला एक मर्यादा आहे. बोटाचा ठसा मिळाला, तरी ताडून पाहावयास दुसरा ठसा दप्तरीं नसेल, तर चोर सांपडत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक देशानें आपल्या खाणींचे व कारखान्यांचे नमुने नोंदवून ठेवणें अवश्य आहे. पण त्यांत राज्याचीं गुपितें उघडीं पडण्याचें भय असतें. प्रयोगशाळेंतील काटा कितीहि सूक्ष्म झाला, तरी माल कोणाच्या कोठारांतून निघाला हें निश्चितपणें सांगावयाचें, तर त्या कोठाराच्या धन्यानें आपलें दप्तर उघडण्याची तयारी ठेविली पाहिजे.