नटावरचा रंग

न्हावा शेव्याचा धक्का. मे महिना, सकाळचे साडेदहा. गँगवेच्या पायथ्याशी रांग आहे. एजंट, भाजीच्या पाट्या आणणारा, सिमकार्डवाला, त्यांच्यामागे तपासनीस आणि त्यांच्यासोबत मी. वर एकजण नावं लिहून घेतोय, सावकाश. कठड्याला हात लावला की चटका बसतो.

डेकवरून आत शिरताना भटारखान्याच्या दाराशी तक्ता दिसतो. प्लॅस्टिक: समुद्रात कुठेच नाही. उरलंसुरलं अन्न: बारीक करून किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, तसंच टाकायचं तर १२. खाली रंगीत पिंपं ओळीने मांडलेली. आचारी बघतो, हसतो, कांदा चिरत राहतो.

आता जिने. एक, दोन, चार. प्रत्येक पायरीला हवा जड होत जाते. बंदरातही जनरेटर चालूच असतो. कानात बोळे घालून सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. तळाशी लोखंडी जाळीखाली काळसर पाणी चमकतं. पंपांची गळती, पाइपांवरचा घाम, तेलाचे थेंब, सगळं इथे जमतं. हेच बिल्ज.

शेजारी पाण्यातून तेल वेगळं करणारा माणसाच्या उंचीचा सेपरेटर, वर छोटी पेटी, पेटीवर लाल आकडे. बाहेर सोडायच्या पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे जास्तीत जास्त १५ भाग चालतात. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत तीन चमचे. समुद्राकडे जाणारा व्हॉल्व्ह बंदरात साखळीने बांधलेला आहे, कुलूपही आहे. त्यामुळे आजचं पाणी टाकीतच फिरवायचं.

मशीन सुरू होतं. आम्ही थांबतो. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरतो. आकडा ३ वर रेंगाळतो. इंजिनरूमचा खलाशी, म्हणजे ऑइलर, बाटलीतलं गढूळ पाणी सेन्सरमधून सोडतो. ९. १२. १६. लाल दिवा, कर्कश भोंगा. तपासनिसांची नजर घड्याळावर. २० सेकंदांच्या आत पाणी परत टाकीकडे नेणारा व्हॉल्व्ह वळायलाच हवा. खट्. वळला.

पण ते हलत नाहीत. टॉर्च काढतात, गुडघ्यावर बसतात आणि पाइपांचे जोड बघत जातात. नटावरचा रंग तडकलाय का? पान्याचे ओरखडे आहेत का? यंत्राला वळसा घालणारा चोरटा पाइप रात्री जोडता येतो, बंदराआधी काढताही येतो. खलाशी त्याला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. उडालेला रंग मात्र परत तसाच बसत नाही. इथल्या नटांवर रंग अखंड आहे, वर धुळीचा थर.

कंट्रोल रूममध्ये एसी आणि चहा. टेबलावर तेलाची नोंदवही. प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची सही, प्रत्येक पानाखाली कॅप्टनची. शेवटच्या नोंदीनंतरही वही ३ वर्षं जपायची. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा ‘मार्पोल’ करार १९८३ साली लागू झाला, तेव्हापासून वहीला प्रश्न एकच: तेल गेलं कुठे? तपासनीस टाकीत मापाची टेप सोडून येतात. टेपवरची ओल आणि वहीतला आकडा जुळतो. गाळ नेणाऱ्या टँकरची पावतीही मागे टाचलेली आहे.

सेकंड इंजिनिअर खुर्चीत सैलावतो. ऑइलर चिंधीने हात पुसत दारात उभा. रत्नागिरीकडचा. गावाची गोष्ट निघते.

‘‘पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या येतात, साहेब. पोरं खेळून आली की तळवे काळे. खोबरेल तेल लावून घासत बसायचं.’’

तपासनीस वहीवर सही करतात. वर डेकवर ऊन आणखी चढलेलं असतं. खाली धक्का आणि जहाज यांमधल्या फटीत पाणी हिरवट, संथ. जिना उतरताना ऑइलरही वाकून तिकडेच बघतो.