शेल स्क्रिप्टकडून अपत्य प्रक्रियेकडे पर्यावरण चलांचे संक्रमण : मराठी नामावलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
विद्यार्थ्यांची नामावली वर्णक्रमाने लावणे हे महाविद्यालयीन कार्यालयाचे नित्याचे काम आहे. धर्मापुरी (जि. बीड) परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने त्यासाठी लिनक्सवर शेल स्क्रिप्ट लिहिली, असे समजू. मराठी वर्णमालेत 'ळ' हा वर्ण 'ह'नंतर येतो. त्यामुळे 'कावळे' हे आडनाव 'काळे'च्या आधी यावयास हवे. युनिकोडमध्ये मात्र 'ळ'चे स्थान 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास 'काळे' आधी येते आणि या क्रमाने दिलेले हजेरीक्रमांकही चुकतात. स्क्रिप्टमध्ये मराठी लोकेल नमूद करूनही हा दोष का राहू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संक्रमणाचे स्वरूप :
पर्यावरण चल, म्हणजेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ही नाव व मूल्य यांची जोडी होय. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून बोर्न शेलसोबत ही व्यवस्था रूढ झाली. शेल जेव्हा 'सॉर्ट'सारखी बाह्य आज्ञा चालवितो, तेव्हा 'फोर्क' या प्रणाली-आवाहनाने स्वतःची प्रतिकृती निर्माण करतो. ही अपत्य प्रक्रिया पुढे 'एक्झेकव्हीई'द्वारे नवा प्रोग्रॅम सुरू करते व त्याच वेळी पर्यावरण चलांची यादी त्याच्या हाती देते.

या यादीत केवळ निर्यात केलेली चले असतात. स्क्रिप्टमध्ये 'एलसी_ऑल' या चलास मराठी लोकेलचे मूल्य नुसते दिले, तर ते शेलपुरते मर्यादित राहते. 'सॉर्ट'पर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी 'एक्सपोर्ट' ही आज्ञा आवश्यक ठरते. जे चल आधीच निर्यात झालेले आहे, त्याचे बदललेले मूल्य मात्र आपोआप पुढे जाते. म्हणूनच एकच स्क्रिप्ट एका संगणकावर योग्य, तर दुसऱ्यावर चुकीचा क्रम देऊ शकते. क्रॉनद्वारे रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टलाही टर्मिनलमधील सर्व चले मिळतीलच असे नाही.

हे संक्रमण एकमार्गी आहे. अपत्यास मूल्यांची प्रत मिळते. तिच्यात केलेला बदल जनक प्रक्रियेकडे परतत नाही. त्यामुळे लोकेल ठरविणारी वेगळी स्क्रिप्ट नेहमीच्या पद्धतीने चालविल्यास ती संपताच तिचा परिणामही संपतो. तीच स्क्रिप्ट 'सोर्स' आज्ञेने चालविल्यास ती चालू शेलमध्येच कार्यान्वित होते व मूल्ये टिकतात.

निष्कर्ष :
लोकेल स्क्रिप्टच्या आरंभीच निर्यात करावे, अथवा एकाच आज्ञेपुरते हवे असल्यास त्या आज्ञेच्या आधी त्याच ओळीत लिहावे. मराठी लोकेल संगणकावर उपलब्ध असल्याची खात्री करावी. 'एन्व्ह' ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये घालून अपत्यास प्रत्यक्षात कोणती चले मिळतात, हे तपासता येते. 'कावळे' आणि 'काळे' या दोन आडनावांची छोटी चाचणी घेऊन मगच संपूर्ण नामावली सिद्ध करणे श्रेयस्कर ठरेल.