भुकेला सुट्टी नसते

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की मराठीच्या पहिल्या तासाला आम्ही मुलांना ठरलेला निबंध देतो, 'माझी सुट्टी'. अंधेरीतल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीच्या मुलांचे मराठी लिहिताना काना-मात्रे चुकतात, पण मनातले लिहायला ती कचरत नाहीत. कुणी नानीच्या गावचा फणस लिहितो, कुणी जुहू चौपाटीवरचा बर्फाचा गोळा. २०२४ च्या जूनमध्ये एका मुलाने चारच ओळी लिहून वही दिली. सुट्टीत तो कुठे गेला नव्हता. दुपारी घरी कोणी नसायचे आणि त्याला शाळेच्या खिचडीची आठवण यायची, एवढेच त्यात होते.

आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग लाल पेन तसेच हातात राहिले. त्याच मे महिन्यात आम्ही खेडजवळच्या आमच्या गावी होतो. नाचणीची भाकरी, बांगड्याचे सालन, फणसाचे गरे, कोकम सरबत, सगळे समोर असताना आमचे चिरंजीव नूडल्ससाठी रुसून बसले होते. "सुट्टीत तरी मनासारखे खाऊ द्या" हे त्याचे म्हणणे आणि "पौष्टिक खा" हा आमचा धोशा, यातच सुट्टी संपली. मुलांच्या आहाराची काळजी म्हणजे आपल्या मुलाच्या ताटाची काळजी, एवढाच अर्थ तोवर आम्हाला ठाऊक होता.

त्या मुलाच्या आईला आम्ही शाळेत बोलावले. ती लोखंडवालाच्या तीन घरांत स्वयंपाक करते. "टीचर, मी तिथल्या मुलांसाठी भाज्या चिरते, सूप करते, फळे कापून डबे भरते. घरी यायला चार वाजतात. निघताना याच्या हातावर दहा रुपये ठेवते." दहा रुपयांत चिप्सची दोन पाकिटे येतात, हे प्रत्येक आईला माहीत आहे. तिला सकस आहाराचे महत्त्व समजावून सांगायचे असे ठरवून आम्ही बसलो होतो. सांगण्यासारखे काही उरले नाही.

शाळेच्या खिचडीला आपण नाके मुरडतो. पण ती सहजासहजी मिळालेली नाही. केंद्र सरकारने ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढे कित्येक वर्षे अनेक ठिकाणी मुलांना नुसते धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले जेवणच द्या असा आदेश दिला, तेव्हा शाळाशाळांत चुली पेटल्या. आज सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना हा आहार मिळतो. सहावी ते आठवीच्या एका मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे शाळेला सुट्टी लागली की गरीब घरातले एक पूर्ण जेवण बंद होते, आणि तेही सव्वा-दीड महिना.

हा विचार न्यायालयापुढेही आला होता. २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवायला सांगितले गेले. आपली अंधेरी, घाटकोपर, मुलुंड काही दुष्काळी भागात मोडत नाहीत. इथे दुकाने भरलेली असतात. म्हणूनच चाळीच्या बंद दाराआड एकटे बसलेले मूल कुणाच्या नजरेस पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आई आणि मूल, दोघांच्याही ताटात कमतरता आहे.

शोरबा शिजवताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना दिलेली शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातले पाणी वाढवणे किती सोपे आहे, हे आम्हाला २०२५ च्या मे महिन्यात कळले. आमच्या आसपासच्या पाच घरांनी मिळून ठरवले की सोमवार ते शुक्रवार रोज एका घरी दुपारचे जेवण होईल. आपली मुले आणि ज्यांच्या आया कामावर असतात अशी वस्तीतली मुले मिळून चौदा जण. जे घर गावी जाईल त्याने आपली पाळी आधीच अदलाबदल करून घ्यायची.

पदार्थ साधेच ठेवले. मुगाची खिचडी, चण्याची उसळ, अंड्याचे सालन, पालक-डाळ, नाचणीची भाकरी. नाचणी ही आपल्या कोकणची जुनी सोबतीण आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, वाढत्या हाडांना तेच हवे. उसळीवर लिंबू पिळायचे, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातले लोह अंगी लागते. जेवल्याबरोबर चहा द्यायचा नाही, कारण चहा तेच लोह अडवतो. थंड पेयाऐवजी ताक किंवा कोकम. तीनशे मिलिलिटरच्या गोड पेयाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे मुलांसमोर चमच्याने मोजून दाखवले तेव्हा सहा चमचे झाल्यावरच त्यांचे डोळे मोठे झाले. आणि मेच्या उकाड्यात सकाळचे शिजवलेले दुपारपर्यंत बाहेर राहू द्यायचे नाही, हा नियम कडक पाळला.

एक चूक मात्र झाली आणि ती आमच्याच घरी झाली. पहिल्या दिवशी जागा अपुरी म्हणून आम्ही वस्तीतल्या मुलांना बाहेरच्या खोलीत कागदी प्लेटा दिल्या आणि आपल्या मुलांना आत वाढले. आमच्या मुलाने विचारले, "अम्मी, ते आपल्या दस्तरखानावर का नाहीत?" काय उत्तर देणार? दुसऱ्या पाळीला खुर्च्या-टेबल बाजूला सरकवून एकच लांब दस्तरखान अंथरला. प्लेटा सगळ्यांना सारख्या. फोटो कुणी काढायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरले. जेवणाबरोबर मुलाचा मान गेला तर आपण त्याला काय दिले?

आणखी एक गंमत झाली. चौदा जणांच्या पंगतीत नाचणीची भाकरी पटापट संपताना पाहून आमच्या चिरंजीवांनीही मुकाट्याने हात पुढे केला. वर्षभराच्या आमच्या भाषणांनी जे झाले नाही ते शेजारी बसलेल्या दोस्ताने केले. शिवाय पाच घरांनी पाळी वाटून घेतल्यावर प्रत्येक घरच्या आईला आठवड्यातून चार दुपारी मोकळ्या मिळाल्या. मुलांच्या सुट्टीत आईचे काम दुप्पट होते, तिची सुट्टी कॅलेंडरवर कुठेच छापलेली नसते. ती अशी मिळाली.

त्या वर्षी बकरी ईद ७ जूनला, सुट्टीतच आली. कुर्बानीच्या गोश्तचे तीन हिस्से करून गरिबांचा हिस्सा आपण आठवणीने पोहोचवतो. तीन दिवस कुणाची चूल विसरत नाही. तीच आठवण उरलेल्या चाळीस दिवसांतही राहावी, इतकेच आमचे म्हणणे आहे. शाळा सुरू असतानाही वाट आहे. शालेय आहार योजनेत महाराष्ट्रात 'स्नेहभोजन' म्हणून सोय आहे. मुलाच्या वाढदिवसाला किंवा घरच्या आनंदाच्या प्रसंगी शाळेशी बोलून सगळ्या वर्गाला फळे, अंडी किंवा एक चांगले जेवण देता येते. हॉलच्या सजावटीतले थोडे कमी केले तरी जमते.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी त्या मुलाच्या आईला कामावरून सुट्टी होती. ती सकाळीच आमच्या दारात आली, हातात दोन किलो तांदूळ आणि डाळीची पिशवी. "टीचर, आज माझी पाळी," म्हणाली. आम्ही नको म्हणणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून बाजूला झालो. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तिने खिचडी केली आणि पहिल्यांदाच तिच्या मुलाने दुपारी, सगळ्यांबरोबर बसून, आईच्या हातचे गरम जेवण जेवले. येत्या मे महिन्याच्या पाळ्या आम्ही आताच लिहून काढल्या आहेत. या वेळी यादीत सहावे घर तिचे आहे.