समुद्रावरील चित्रलिलाव आणि ‘मूळ’ चित्राचा प्रश्न : एक विवेचन

गोषवारा

पर्यटक जहाजांवर, म्हणजेच क्रूझवर, चित्रांचे लिलाव करण्याची प्रथा गेल्या तीन दशकांत रूढ झाली आहे. परदेशस्थ मुलांकडे जाणारी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे अशा जहाजांवरून प्रवास करतात. त्यामुळे हा विषय ग्रामीण भागातील वाचकालाही परका राहिलेला नाही. जहाजावरील लिलाव कसा चालतो, तेथे ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ काय होतो आणि व्यवहारात फसगत झाल्यास दाद कोठे मागता येते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : चित्रलिलाव, क्रूझ, मूळ प्रत, मर्यादित आवृत्ती, ध्वजराष्ट्र, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

किकवी हे भोर तालुक्यातील पुणे–सातारा महामार्गावरचे गाव. येथून समुद्र गाठायचा तर वरंध घाट उतरून कोकणात जावे लागते. अशा ठिकाणी बसून समुद्रावरील चित्रव्यवहाराची चर्चा करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. तथापि या लेखाचे निमित्त येथेच घडले. परिसरातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक अमेरिकेत मुलाकडे गेले असता कुटुंबासह कॅरिबियन समुद्रात सात दिवसांची सहल करून आले. जहाजावरील लिलावात त्यांनी एक निसर्गचित्र घेतले. चित्रासोबत सोनेरी कडा असलेले प्रमाणपत्र होते व त्यावर चित्रकाराची सही होती. ते प्रमाणपत्र घेऊन गुरुजी प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यांचा प्रश्न साधा होता : “हे चित्र हाताने काढलेले आहे ना?”

प्रमाणपत्र वाचल्यावर उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागले. त्यात चित्र ‘कॅनव्हासवरील जिक्ले, हस्तसंस्कारित’ असल्याचे स्पष्ट नोंदवले होते. म्हणजे कागदावर कोणतेही असत्य नव्हते, आणि तरीही खरेदीदाराची समजूत चुकीची होती. लेखी विधान आणि खरेदीदाराची समजूत यांत हे अंतर का पडते, हाच या लेखाचा विवेच्य विषय आहे.

२. जहाजावरील लिलावाचे स्वरूप

जहाजावर चित्रे विकणारी संस्था सामान्यतः जहाज कंपनीहून वेगळी असते. ती जहाज कंपनीशी करार करून जागा मिळवते, आपला लिलावकर्ता नेमते आणि विक्रीतील वाटा कंपनीला देते. या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव अमेरिकेतील मिशिगन राज्यातील पार्क वेस्ट गॅलरी हे होय. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या गॅलरीने १९९० च्या दशकात जहाजांवरील लिलावांचा विस्तार केला. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र जहाज, भोजनगृह आणि चित्रदालन हे सर्व एकाच यजमानाचे असते. जहाज कंपनीवरील विश्वास नकळत चित्रविक्रेत्याकडे वळतो, तो यामुळेच.

लिलाव प्रायः जहाज बंदरात नसलेल्या दिवशी, भर समुद्रात ठेवला जातो. त्या दिवशी प्रवाशाला उतरून जाण्याची सोय नसते आणि हाताशी वेळ भरपूर असतो. दालनात तिवयांवर चित्रे मांडलेली असतात, अनेकदा शॅम्पेन विनामूल्य दिली जाते आणि लिलावकर्ता चित्रकाराची माहिती रंगवून सांगतो. बोली मान्य झाल्यावर मूळ किमतीवर खरेदीदाराचे अधिमूल्य, चौकट व पाठवणी यांचा खर्च चढतो.

आपल्याकडील बाजार समितीच्या आवारातील लिलावाशी याची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे माल समोर असतो, बोली लावणारा व्यापारी तो हातात घेऊन पारखतो आणि शेजारच्या बाजारातील भावही त्याला ठाऊक असतो. म्हणजे घेणारा आणि विकणारा दोघेही जाणकार असतात. जहाजावर विकणारा जाणकार, तर घेणारा बहुधा आयुष्यात प्रथमच चित्र विकत घेत असतो. शेजारचा भाव विचारण्यास दुसरे दुकान नसते. शिवाय छापील आवृत्तीतील चित्र असेल तर दालनात दिसलेली प्रत न मिळता तिच्यासारखी दुसरी प्रत गोदामातून घरी येते. एकाच चित्राच्या प्रती अनेकांना देता येत असतील, तर त्या व्यवहारातील स्पर्धा नाममात्रच राहते.

३. ‘मूळ’ या शब्दाच्या पायऱ्या

चित्रबाजारात ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ असे दोनच वर्ग असतात, ही सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः त्यांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत.

पहिली पायरी एकमेव चित्राची. चित्रकाराने स्वहस्ते रंगवलेले तैलचित्र वा जलरंगचित्र या वर्गात येते. दुसरी पायरी मूळ मुद्राचित्राची. यात चित्रकार शिळा, ताम्रपट, लाकूड किंवा रेशमी जाळी यांवर मुद्रणासाठीच चित्र घडवतो आणि त्यावरून ठरावीक प्रती काढतो. प्रतीवर पेन्सिलीने ४५/३०० असा अंक असेल, तर तीनशे प्रतींपैकी ही पंचेचाळिसावी, असा त्याचा अर्थ. अशा प्रती अनेक असल्या तरी त्या मूळ कलाकृतीच मानल्या जातात. तिसरी पायरी पुनर्मुद्रणाची. आधीच रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र वा संगणकीय प्रतिमा घेऊन ती छापली जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी उच्च प्रतीच्या शाई-फवारा मुद्रणाला ‘जिक्ले’ हे फ्रेंच वळणाचे नाव मिळाले. असे मुद्रण कॅनव्हासवर केल्यास ते दुरून तैलचित्रासारखेच भासते. चौथी पायरी या तिसरीचाच उपप्रकार आहे. छापील प्रतीवर काही ठिकाणी ब्रशाने रंग चढवून तिला ‘हस्तसंस्कारित’ म्हटले जाते. हा हात प्रत्येक वेळी चित्रकाराचाच असतो, असे नाही.

सहीमुळेही प्रश्न सुटत नाही. साल्वादोर दाली यांनी कोऱ्या कागदांवर मोठ्या संख्येने सह्या केल्याचे प्रकरण सर्वज्ञात आहे. त्यामुळे सही खरी असूनही तिच्या वरचे चित्र संशयास्पद ठरावे, अशी विचित्र स्थिती त्यांच्या मुद्राचित्रांबाबत निर्माण झाली. जुलै २००८ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने जहाजांवरील लिलावांत चित्रे घेतलेल्या ग्राहकांच्या तक्रारी व दावे यांविषयी वृत्त प्रसिद्ध केले. त्या वादांतही दालींच्या मुद्राचित्रांचा प्रश्न ठळक होता. संबंधित गॅलरीने हे आरोप नाकारले होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

४. मळवलीचा दाखला

छापील चित्र हे कमी प्रतीचे असते, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य ठरणार नाही. याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला आणि कालांतराने जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत प्रतिमा महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचल्या. त्यांनी तैलचित्र राजवाड्यातून काढून सामान्य माणसाच्या भिंतीवर आणले.

ही चित्रे घेणाऱ्यांची फसवणूक झाली नाही. आपण छापील तसबीर घेत आहोत, हे त्यांना ठाऊक होते. किंमतही तसबिरीचीच होती आणि पुढे ती दसपटीने विकली जाईल, असे आश्वासन कोणी दिले नव्हते. आज त्या जुन्या तसबिरी संग्राहक आवडीने घेतात, तेव्हाही त्या छापील म्हणूनच घेतल्या जातात. तात्पर्य, छापील असणे हा दोष नव्हे. छापील वस्तू एकमेव वस्तूच्या आविर्भावात आणि भाववाढीच्या आशेवर विकणे, हा दोष होय.

५. समुद्रावर कायदा कोणाचा?

भारतात लिलावाने होणाऱ्या विक्रीला माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम ६४ लागू होते. लिलावकर्त्याने हातोडा आपटून किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर केली की व्यवहार पूर्ण होतो. तोपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असल्यास तो हक्क आधी स्पष्टपणे राखून ठेवावा लागतो. किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावली गेल्यास खरेदीदाराला व्यवहार रद्द ठरवता येतो. याच अधिनियमानुसार वर्णनावरून वा नमुन्यावरून विकलेला माल त्या वर्णनाशी व नमुन्याशी जुळला पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तर ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे भोर तालुक्यातील ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगाकडे जाता येते.

भर समुद्रात हे संरक्षण पातळ होते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारानुसार किनारी राष्ट्राचा प्रादेशिक समुद्र कमाल १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असतो. खुल्या समुद्रात जहाजावर सर्वसाधारणपणे ध्वजराष्ट्राचा अधिकार चालतो. अनेक पर्यटक जहाजांचे मालक अमेरिकेत वा युरोपात असले, तरी जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा येथे असते. मुद्राचित्राच्या विक्रेत्याने आवृत्तीची संख्या व मुद्रणाची पद्धत लेखी कळवावी, असे कायदे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आदी राज्यांत आहेत. परंतु समुद्रावरील विक्रीला ते लागू होतात का, हाच वादाचा पहिला मुद्दा ठरतो.

याखेरीज करारातील छापील अटींचा अडसर असतो. ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या १९९१ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावरील न्यायक्षेत्राची अट ग्राह्य धरली. वॉशिंग्टन राज्यातील एका दाम्पत्याला जहाजावरील अपघाताबाबत देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातच दावा लावावा लागेल, असा त्याचा परिणाम होता. तो खटला चित्राविषयी नव्हता, पण तत्त्व तेच आहे. एकाच देशातील नागरिकाची ही स्थिती असेल, तर किकवीच्या खरेदीदारास कायद्याने दिलेला हक्क बजावणे किती खर्चाचे ठरेल, याची कल्पना करता येते. ‘करमुक्त’ या शब्दाचीही हीच गत आहे. समुद्रावर स्थानिक विक्रीकर लागला नाही, म्हणून चित्र भारतात आणताना सीमाशुल्क लागणारच नाही, असे नव्हे.

६. किनाऱ्यावरील चित्रबाजार

मुंबईत चित्रव्यवहाराची दीर्घ परंपरा आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ ची, तर जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. जहांगीरमध्ये अनेकदा चित्रकार स्वतःच्या चित्रांपाशी उभा असतो. बाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडतात. चित्र कोणी आणि कसे काढले, हे विचारण्यासाठी प्रमाणपत्राची गरज पडत नाही. दुसऱ्या टोकाला मोठे लिलाव आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेच्या मुंबईतील लिलावात नागपूर येथे जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. मात्र अशा लिलावांत चित्राचा पूर्वेतिहास, म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे गेले, हे आधी छापलेल्या सूचीत दिलेले असते आणि जुन्या लिलावांतील किमती कोणालाही पडताळता येतात.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ५३-अ येथे उल्लेखनीय आहे. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला चित्राच्या मूळ प्रतीची पुनर्विक्री झाल्यास, चित्रकार कॉपीराइटचा पहिला मालक असेल तर त्याला वा त्याच्या वारसांना त्या किमतीत कमाल दहा टक्के वाटा मागता येतो. कायदासुद्धा पुनर्विक्रीचे मूल्य ‘मूळ प्रती’शी जोडतो, हे यावरून लक्षात येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. क्रूझ पर्यटन वाढेल तसतसे आपले प्रवासी अशा दालनांत अधिक संख्येने जातील. म्हणून ग्राहकशिक्षणाची गरज आताच आहे.

७. खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

(अ) हे चित्र एकमेव आहे, मुद्राचित्र आहे की पुनर्मुद्रण? उत्तर पावतीवर लिहून मिळेल का?
(आ) आवृत्तीत एकूण प्रती किती? कलावंतासाठी राखलेल्या वा अन्य कागदावरील प्रती त्याखेरीज किती?
(इ) हस्तसंस्कार कोणी केला?
(ई) घरी येणारी प्रत हीच की दुसरी?
(उ) मूल्यनिर्धारण विक्रेत्याने केले की त्रयस्थाने?
(ऊ) चित्र परत करण्याची मुदत किती आणि वाद कोणत्या न्यायालयात चालेल?

बोली लावण्यापूर्वी त्याच चित्रकाराच्या तशाच प्रती इतरत्र कोणत्या किमतीला विकल्या गेल्या, हे पाहणेही हितावह होय.

८. समारोप

चित्राचा मूळपणा केवळ कॅनव्हासवर नसतो. तो विक्रेत्याच्या लेखी विधानात असतो, आणि ते विधान खोटे निघाल्यास दाद मागण्याची जागा आवाक्यात असेल तरच त्या विधानाला अर्थ राहतो. जमिनीवर या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी उपलब्ध आहेत. समुद्रावर पहिली बारीक अक्षरांत असते आणि दुसरी दूर देशी. म्हणून जहाजावर चित्र घ्यायचे असेल तर ते आवडले म्हणून, आणि तसबिरीला द्यावी तेवढीच किंमत देऊन घ्यावे. गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

गुरुजींनी ते चित्र ओसरीवर लावले आहे. ते छापील आहे, हे आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगतात. दिलेल्या रकमेबद्दल त्यांना खंत आहे, चित्राबद्दल नाही. हा भेद त्यांना बोली लावण्यापूर्वी कळला असता, तर ती खंतही उरली नसती.